मोरीतला पाव तास

“रोज रडती गं ती. दिवेलागणीला मोरीत जाती, नळ सोडती आन् रडती.”

हे वाक्य कानावर पडलं तेव्हा बोलणारीचा गुडघा माझ्या गुडघ्याला टेकलेला होता. बोलणारी म्हणजे माझी सासू. आणि रोज रडती ती म्हणजे मी.

माझी फजिती दुसऱ्या कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी मीच सांगून टाकते. हसायचं तर हसा, फक्त शेवटपर्यंत ऐकून मग हसा. मी कमी बोलते असं सगळे म्हणतात, ते खरं आहे. कमी बोलण्यानंच तर हे सगळं झालं.

लग्नाला तेव्हा चार महिने झाले होते. सासर वारंगा फाट्यावर. सासऱ्यांचं आणि ह्यांचं ताडपत्री-दोरखंडाचं दुकान, दुकानाच्या मागं घर. फाट्यावर राहणं म्हणजे काय, ते राहिल्याशिवाय कळत नाही. नागपूरकडून आलेला ट्रक तिथं थांबतो, नांदेडकडून आलेलाही थांबतो, आणि थांबल्यावर इंजिन बंद करायचं कुणाच्याच मनात येत नाही. त्यात रस्ता रुंद करायचं काम चाललेलं. सकाळी दोरीवर टाकलेला पांढरा टॉवेल दुपारी काढायला गेलं, की हा आपलाच का, असा प्रश्न पडतो. शहरातले लोक म्हणतात, गावाकडं हवा कशी स्वच्छ असते. असेल. फाट्यापासून दोन-तीन कोस आत गेलं की असेलही.

लग्नाआधी मी दोन वर्षं नांदेडला एका त्वचेच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसायचे. नाव लिहायचं, नंबर द्यायचा. फारसं बोलायचं काम नव्हतं, म्हणून टिकले. आतलं सगळं मात्र ऐकू यायचं. बाईंची वाक्यं मला आरतीसारखी पाठ झाली होती. “चेहरा म्हणजे परात नाही, घासायला.” “धूर नुसत्या पाण्यानं निघत नाही, त्याला आधी तेल दाखवा.” “धुळीला ओरबाडू नका, हळूहळू सोडवा.”

त्यामुळं लग्नानंतरही माझा संध्याकाळचा नेम ठरलेला. मी कळमनुरीला एका शाळेच्या ऑफिसात काम करते. संध्याकाळी घरी आलं, चपला काढल्या, की सरळ मोरीत. आधी दोन थेंब खोबरेल, बोटांच्या पेरांनी, अगदी अलगद. मग ओल्या मऊ फडक्यानं टिपून घ्यायचं. फडकं डांबरासारखं काळं व्हायचं. मग साधा फेसवॉश, कोमट पाणी, टॉवेल नुसता दाबायचा, फिरवायचा नाही. सगळं मिळून पाव तास. तेवढ्यात बादली भरावी म्हणून नळ सोडलेला.

आता दोन गोष्टी कबूल करते. एक म्हणजे, मला डोळे मिटून तोंड धुता येत नाही. लहानपणापासून नाही. त्यामुळं तेल आणि सकाळचं सनस्क्रीन, दोन्ही डोळ्यांत जायचं आणि मी बाहेर यायचे ती लालभडक डोळे घेऊन. दुसरी गोष्ट सांगायला लाज वाटते. फाट्यावर राहणाऱ्या माणसाच्या नाकातून संध्याकाळी जे निघतं ते काळं असतं. ते काढायला जोर लागतो. आवाजही होतो. नळाच्या आवाजात तो झाकला जात असेल, अशी माझी समजूत होती.

आणखी एक सांगायचं राहिलं. माझी आई आदल्या वर्षी गेली. घरात कुणी गेलं की लग्न वर्षाच्या आत उरकावं, नाहीतर तीन वर्षं थांबावं, असं आमच्याकडं मानतात. अण्णा म्हणाले, तीन वर्षं नको. म्हणून अकराव्या महिन्यात पुसेगावला आमच्या दारात मांडव पडला. हळद मावसबहिणीनं लावली. पाठवणीला मी रडले नाही. आई गेली तेव्हाही नव्हते रडले. अण्णांना सावरायचं होतं, आलेल्या माणसांचा चहा बघायचा होता, त्यात ते राहूनच गेलं. एखादं काम राहून जातं ना, तसं. बायका म्हणाल्या, पोरगी घट्ट आहे.

तर त्या दिवशी शाळेत सकाळीच लाईट गेली, कॉम्प्युटर बंद पडले, आणि हेडसरांनी मला दुपारीच सोडलं. उन्हाळा कडक. बाजारातून जाता जाता मी एक पांढरा सनकोट घेतला, कोपरापर्यंत हातमोजे घेतले, मोठा काळा गॉगल घेतला, आणि नवा राखाडी स्कार्फ डोक्यापासून गळ्यापर्यंत घट्ट गुंडाळला. डॉक्टरबाईंनी पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती. माझ्या बापानं पाहिलं असतं तर ओळखलं नसतं. असं मला वाटलं होतं.

कळमनुरीहून काळीपिवळीत बसले. मागच्या बाजूला समोरासमोर बाकडी असतात ना, त्यात कोपऱ्याला. बाळापूरला जीप थांबली आणि दोन बायका वर चढून माझ्या समोर बसल्या. एक माझ्या आत्याबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाई म्हणतात. दुसरी त्यांची बहीण, कावेरीमावशी, बाळापूरलाच राहतात. मावशींनी ज्वारीची पिशवी माझ्या पायांवर ठेवली आणि माझ्याकडं एकदा खालपासून वरपर्यंत बघितलं.

“ह्या पोरी बघ गं, दरोडेखोरावानी.”

मला हसू आलं. म्हटलं, आता स्कार्फ काढून दोघींना चकित करावं. हात मानेमागच्या गाठीपर्यंत गेलासुद्धा. आणि तेवढ्यात आत्याबाई ते वाक्य बोलल्या.

हात तिथंच राहिला.

“कोन? शीतल?” मावशींनी विचारलं.

“मंग कोन. दुसरी सून हाय का मला?”

“काहून रडती?”

“सांगती कुठं. तोंडच उघडत न्हाई. संध्याकाळी येती आन् सरळ मोरीत. पाव तास. भायेर येती तं डोळे लाल. ‘काय झालं गं?’ म्हणलं, तं म्हणती, ‘काही नाही.’”

मी खरंच तसं म्हणायचे. काही झालेलं नसलं तर माणूस दुसरं काय म्हणणार?

“तुझ्या गजाननला इचारलं का?”

“इचारलं. तो म्हणतो, तोंड धुती. म्हणलं, बाबा, पाव तास कोन तोंड धुतंय? तोंड हाय का ट्रक?”

मावशी हसल्या. शेजारचे एक पागोटेवाले आजोबाही हसले. आत्याबाई हसल्या नाहीत.

“एक दिस दाराशी उभी राहून ऐकलं म्या. हुंदके देऊन राहिली होती. असे मोठमोठे, काळजातून.”

काळजातून नाही हो, नाकातून. पण आता सांगा, जीपमध्ये अकरा माणसं. त्यांच्यासमोर तोंड उघडं करून, ‘आत्याबाई, तो हुंदका नव्हता, ते माझं नाक होतं’, हे कोणत्या सुरात सांगायचं? मी विचार केला, फाटा येईपर्यंत गप्प बसू. घरी गेल्यावर शांतपणे सांगू. माझे सगळे विचार ‘गप्प बसू’ इथूनच सुरू होतात.

“म्हयना झाला, कांद्याला हात लावू दिला न्हाई तिला,” आत्याबाई सांगत होत्या. “आधीच डोळ्याला धार, त्यात कांदा कशाला.”

मी गॉगलमागून बघत राहिले. गेला महिनाभर आत्याबाई माझ्या हातातला कांदा काढून घ्यायच्या. माझा कांदा जाड पडतो, पसंत नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. दुपारच्या डब्याच्या सुट्टीत शाळेच्या शिपाईबाईकडून बारीक चिरायला शिकतसुद्धा होते.

“सिरीयलमधी कोना पोरीचं लगीन लागलं की टीव्ही बंद करते. ह्यांना राग येतो. येऊ दे. मीठ-मोहऱ्या उतरवल्या तीन शनिवार. मिरच्यांचा ठसका बी आला न्हाई, इतकी दिठ लागलेली.”

टीव्ही बंद व्हायचा तेव्हा मला वाटायचं, सुनेनं टीव्ही बघितलेला आत्याबाईंना खपत नाही. म्हणून मी उठून आत जायचे. मी आत गेले की त्यांना वाटायचं, गेली रडायला. एका घरात दोन बायका महिनाभर एकमेकींची काळजी घेत होत्या, आणि दोघींनाही वाटत होतं, हिला आपण नको आहोत.

“मंग आता?” मावशी म्हणाल्या.

“आता काय. सकाळी तिच्या अण्णाला फोन लावला. म्हणलं, तिला सांगू नका, पर या आन् घेऊन जा लेकराला. पुसेगावहून तवाच निघाले. येऊन बसले असतील घरी. त्यांच्यापुढं बोलायला माझी जीभ उचलायची न्हाई, म्हणून तं तुला घेऊन चालले.”

“कायमची धाडती का?”

“तिला वाटंल तितकं राहू दे. मनात आलं तं येईल. न्हाई आलं तं...” आत्याबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या.

अण्णा. आई गेल्यापासून एकटे राहणारे, पोरीचं चांगलं झालं एवढ्या एका गोष्टीवर दिवस काढणारे अण्णा. ते कुणाशी न बोलता, पिशवी उचलून, दोन गाड्या बदलून निघाले असणार. वाटभर काय काय मनात आणलं असेल? आणि चार महिन्यांत परत आलेल्या पोरीबद्दल पुसेगाव काय म्हणेल, ते तर मला इथूनच ऐकू येत होतं. हे सगळं कशामुळं? तर दोन थेंब खोबरेल तेल.

आता तरी बोलायला हवं होतं की नाही? हवंच होतं. मी घसासुद्धा खाकरला. पण मावशींनी मध्येच विचारलं, “आपल्या घरी कमी तरी काय हाय तिला?”

आत्याबाई म्हणाल्या, “आई कमी हाय. आई असती तं फोन लावून तिच्यापाशी रडली असती. हिला फोन लावायला कोन्ही न्हाई, म्हणून मोरीत रडती. म्या कितीबी केलं तरी सासूच की.”

आणि मग जे सव्वा वर्ष राहून गेलं होतं, ते तिथं झालं. भर दुपारी, काळीपिवळीत, ज्वारीच्या पिशवीखाली पाय अडकलेले असताना. आधी गॉगलच्या आत पाणी साचलं. मग त्यात सनस्क्रीन मिसळलं आणि डोळ्यांत मिरचीसारखं झोंबायला लागलं. पुसायचं तर गॉगल काढावा लागणार. म्हणून पुसलंही नाही. सगळा सनकोट गदगदा हलायला लागला.

“अगं माय, या पोरीला काय झालं?” आत्याबाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. “काय तकलीफ होऊन राहिली का बाई? कोन्या गावची तू?”

बोलले तर आवाज ओळखू येणार. मी हातानंच ‘पुढं, पुढं’ अशी खूण केली.

“मुकी दिसती बिचारी,” मावशी म्हणाल्या.

जन्मभर लोक मला अबोल म्हणत आले. त्या दिवशी बढती मिळाली.

आत्याबाईंनी बटव्यातून लिमलेटची गोळी काढली आणि माझ्या हातमोज्यात ठेवून मूठ मिटवली. “चघळ. गाडी लागली असंल तं बरं वाटंल.” स्कार्फच्या आत गोळी जाणार कशी? मी मूठ तशीच धरून बसले.

मुकं माणूस समोर असलं की बोलणाऱ्याला बरं पडत असावं. कुठं सांगणार ते? आत्याबाईंनी माझा हात सोडला नाही, आणि बहिणीकडं न बघता, माझ्याकडं बघत बोलायला लागल्या.

“मला काहून कळलं, सांगू का? म्या बी रडले बाई. त्याच मोरीत. तवा नळ नव्हता, हंडा होता. हंड्यात तांब्या बुडवायचा, वतायचा, पुन्ना बुडवायचा. भायेर आवाज जाऊ न्हाई म्हणून. सासू म्हणायची, किती पाणी सांडून राहिली गं? पाणीच दिसायचं तिला. म्या ठरवलं होतं, माझी सून आली तं तिला पाणी किती सांडलं, ते इचारायचं न्हाई.” माझ्या मुठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “पर काय इचारायचं, ते बी आलं न्हाई मला.”

मावशींनी तोंड बाहेर वळवलं. पागोटेवाले आजोबा उगाच खिशात काहीतरी शोधायला लागले. मी, मुकी, मान हलवत राहिले.

फाट्यावर उतरलो. धूळ नेहमीची. त्या दोघी पुढं, मी मागं. दुकानाच्या बाजूच्या बोळात त्या वळल्या, मीही वळले. आत्याबाईंनी मागं बघितलं.

“आमच्याच गल्लीत का गं माय? कोनाकडं आली?”

मी मान हलवली. कुठल्या प्रश्नाला हलवली ते मलाही माहीत नाही.

ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत अण्णा बसले होते. स्वच्छ धुतलेला सदरा, मांडीवर कापडी पिशवी, पाण्याचा तांब्या तसाच भरलेला. ह्यांनी शेजारी उभं राहून काहीतरी समजावणं चालवलेलं, बहुतेक ‘तोंड धुती’ हेच, आणि अण्णांचा विश्वास बसत नव्हता हे लांबूनच दिसत होतं. त्यांनी आत्याबाईंना बघून हात जोडले. मग त्यांची नजर दोघींच्या मागं गेली. सनकोट, हातमोजे, गॉगल, स्कार्फ, कुठूनही बोटभर माणूस दिसत नव्हतं. अण्णा उठून उभे राहिले.

“आली का गं माय?”

आत्याबाईंनी बोळात माझ्या मागं बघितलं. “कुठं हाय शीतल?”

“ही काय,” अण्णा म्हणाले. “पाय घासत चालती, तिच्या आईवानी.”

मी गाठ सोडली. गॉगल काढला. तोंडावर काय झालं असेल ते सांगायला नको. सनस्क्रीनचे पांढरे ओघळ, लाल डोळे, आणि नाक, ते असो. मावशी खाली ओट्यावरच टेकल्या. “अगं बाई, ही तं ती मुकी.”

जीपमध्ये आपण काय काय बोलून गेलो, ते एकेक करून आत्याबाईंच्या चेहऱ्यावर येताना मला दिसत होतं. अण्णांनी माझा चेहरा बघितला, मग त्यांचा. पिशवी खांद्याला लावली. “चल,” एवढंच म्हणाले.

हे माझ्याकडं बघत होते. चौघंही बघत होते. आणि माझ्या एका मुठीत विरघळलेली लिमलेटची गोळी हातमोज्याला चिकटलेली.

आता मी बोलले नसते तर जन्मात बोलले नसते. पिशवी अण्णांच्या खांद्यावरून काढून घेतली, आणि त्या घरात आल्यापासूनची माझी सगळ्यात लांब वाक्यं बोलले:

“अण्णा, बसा, मला कुठं जायचं नाही. आत्याबाई, मोरीत मी खरंच तोंड धुते, आणि ते हुंदके म्हणजे माझं नाक आहे. रडायचं राहिलं होतं, ते आज तुमच्यापुढं झालं. आता अण्णांना जेवल्याशिवाय सोडू नका, आणि कांदा मला चिरू द्या.”